शटर स्पीड : माग चालू आहे की बंद?

मागच्या आठवड्यात भाच्याचा मेसेज आला. मामा, फोटो सगळे ब्लर येतायत, लेन्स गेली वाटतं, दुकानात नेऊ का? सोबत दोन फोटो. एक आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वर मंदिराचा, संध्याकाळचा, तळ्याच्या काठावरनं काढलेला, दुसरा त्याच्या धाकट्या बहिणीचा, बागेत झोक्यावरचा. नवीन कॅमेरा घेऊन तीनच आठवडे झालेले आणि पोरगं लेन्सवर घसरलं. म्हणलं थांब, दुकानात जाऊ नको, आधी दोन्ही फोटो मोठे करून बघ आणि मला सांग की फोटोत जी वस्तू जागची हलूच शकत नाही ती कशी दिसतेय.

मंदिराच्या फोटोत शिखर, दिवे, पायऱ्या, सगळं एकाच दिशेला ओढल्यासारखं, प्रत्येक दिव्याची छोटी रेघ झालेली. झोक्याच्या फोटोत मात्र झोक्याचा लोखंडी खांब चकचकीत शार्प, त्यावरचा गंजसुद्धा दिसतोय, फक्त पोरगी तेवढी फिस्कटलेली. तर हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्यात हात हलला, दुसऱ्यात समोरचं माणूस हललं. दोन्हीला आपण "ब्लर" म्हणतो म्हणून गोंधळ होतो, औषध मात्र वेगळं आहे. (तिसरा पण एक असतो, फोकसच चुकलेला. त्यात तुमच्या माणसाच्या पुढचं किंवा मागचं काहीतरी शार्प सापडतं. त्याचा शटर स्पीडशी काही संबंध नाही, तो विषय परत कधीतरी.)

आता शटर स्पीड म्हणजे काय ते सांगतो. कॅमेऱ्यात उजेड टिपणारा जो सेन्सर असतो, त्याच्यासमोर एक पडदा असतो, बटण दाबलं की तो उघडतो आणि ठरलेल्या वेळानं बंद होतो. किती वेळ उघडा राहिला तो शटर स्पीड. नाव स्पीड असलं तरी तो वेळच आहे. १/१२५ म्हणजे एका सेकंदाचे १२५ भाग केले त्यातला एक भाग. तेवढ्या वेळात समोर जे जे हललं, तुमचा हात धरून, ते सगळं एकाच फोटोत साठतं. आकडे साधारण असे चढत जातात, १/१५, १/३०, १/६०, १/१२५, १/२५०, १/५००, १/१०००, आणि दर पायरीला उजेड निम्मा होतो. ह्या एका पायरीला स्टॉप म्हणतात. मध्ये १/८०, १/१०० असले आकडे पण दिसतील, त्या पायरीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या पायऱ्या आहेत, घाबरू नका.

एक गोष्ट मात्र आजच बघून ठेवा. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बऱ्याचदा १/१२५ च्या ऐवजी नुसतं १२५ दिसतं, आणि पूर्ण सेकंद असेल तर आकड्याच्या पुढं दोन छोट्या काड्या असतात. म्हणजे १५ हा सेकंदाचा पंधरावा भाग आणि १५ पुढं काड्या असल्या की पंधरा सेकंद. मी सुरुवातीला चाक फिरवत फिरवत काड्यांच्या बाजूला कधी गेलो कळलंच नाही, पंधरा सेकंद कॅमेरा "बिझी" म्हणत बसला आणि मला वाटलं हँग झाला, बॅटरी काढली. हसू नका, प्रत्येकानं एकदा केलेलं असतं.

कॅमेऱ्याच्या वरच्या गोल चाकावर कॅननला टीव्ही असं लिहिलेलं असतं आणि निकॉन, सोनीला एस. टीव्हीचा दूरदर्शनशी काही संबंध नाही, टाइम व्हॅल्यूचं ते लघुरूप आहे. ह्या मोडमध्ये शटर तुम्ही ठरवायचं, अपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक, कॅमेरा बघतो, आणि आयएसओ, म्हणजे उजेड किती वाढवून घ्यायचा तो आकडा, ऑटोवर ठेवलात तर तो पण. शिकायला हाच मोड चांगला असं माझं मत आहे. यूट्यूबवर सगळे पहिल्या दिवसापासनं मॅन्युअल मॅन्युअल करत असतात, पण तीन चाकं एकदम फिरवायला लागलं की पोरं कंटाळून परत ऑटोवर जातात. फक्त एक लक्ष ठेवा, अपर्चरचा आकडा लुकलुकायला लागला किंवा स्क्रीनवर काही इशारा आला तर कॅमेरा म्हणतोय की ह्या शटरला मला उजेड पुरत नाही किंवा जास्त होतोय, तेव्हा ऐका त्याचं.

पहिल्या आजाराचं औषध सोपं. लेन्सचा जेवढा एमएम आकडा (झूम केलं की वाढतो तो), निदान तेवढ्या भागाचा शटर. ५० एमएमला १/५०, २०० एमएमला १/२००. पण आपले बजेटमधले बहुतेक कॅमेरे छोट्या सेन्सरचे असतात, त्यात निकॉन सोनीला दीडपट आणि कॅननला १.६ पट धरायची, म्हणजे ५० एमएमला १/८० आणि २०० ला १/३२० वगैरे. भाच्यानं मंदिराचा फोटो कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सवर ५५ एमएमला झूम करून १/१० ला काढला होता. मग हलणार नाही तर काय होणार! लेन्सवर आयएस नाहीतर व्हीआर, म्हणजे स्टॅबिलायझेशन, लिहिलेलं असलं तर दोन तीन स्टॉप खाली जाता येतं, पण ती सोय फक्त तुमच्या हाताची थरथर सावरते. झोक्यावरची पोरगी ती थांबवत नाही. हे वाक्य मी किती जणांना किती वेळा सांगितलंय त्याचा हिशोब नाही, तरी लोक दुकानदाराला "स्टॅबिलायझेशन आहे म्हणजे क्रिकेटचे फोटो चांगले येतील ना" असंच विचारतात.

दुसऱ्या आजारात थोडं गणित आहे, पण चौथीतलं. समजा होटगी रोडवर उभे आहात आणि समोरनं बाइक आडवी चाललीय, ताशी ३६ किलोमीटर. म्हणजे सेकंदाला १० मीटर. शटर १/६० असेल तर तेवढ्यात बाइक जवळजवळ १७ सेंटिमीटर पुढं गेली. १/१००० ला फक्त एक सेंटिमीटर. आता तुमच्या फ्रेमची रुंदी चार मीटर असेल आणि कॅमेरा २४ मेगापिक्सलचा, म्हणजे फोटो आडवा ६००० पिक्सलचा, तर १७ सेंटिमीटर म्हणजे अडीचशे पिक्सलचा लपका आणि एक सेंटिमीटर म्हणजे पंधरा पिक्सल, जो मोबाइलवर बघताना कळणार पण नाही. तीच बाइक लांबून, फ्रेममध्ये छोटीशी असेल तर १/२५० ला सुद्धा चालून जातं. आणि ती सरळ तुमच्याकडं येत असेल तर अजून कमीत भागतं, कारण ती फ्रेममध्ये आडवी सरकतच नाही, नुसती मोठी होते. म्हणजे "बाइकला किती शटर" ह्या प्रश्नाला एक उत्तर नाही, किती जवळ आणि कुठल्या दिशेनं हे आधी विचारायचं. अंदाज हवाच असेल तर गप्पा मारत बसलेल्या माणसाला १/१२५, चालणाऱ्याला १/२५०, पळणाऱ्या पोरांना १/५००, आणि वारीत बाजीराव विहिरीच्या रिंगणात अश्व दौडतात त्यांना १/१००० च्या खाली जाऊच नका, दौड एकदा हुकली की झालं.

घरच्या घरी सराव करायचा तर छताचा पंखा. सोलापुरात मार्च ते जून तो तसाही बंद होत नाही. दुपारी खिडकीचा उजेड खोलीत भरपूर असताना खाली आडवे पडा, आयएसओ ऑटोवर, आणि १/३० पासनं १/२००० पर्यंत एकेक फोटो काढत जा. फुल्लवर पंखा मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फिरतो, म्हणजे सेकंदाला सहा फेरे. १/३० ला पातं फेऱ्याचा पाचवा हिस्सा फिरून जातं, नुसता धूसर पट्टा दिसतो. १/२५० ला पातं पातं वाटायला लागतं. १/१००० ला मजा बघा, पातं मधल्या भांड्याजवळ एकदम शार्प आणि टोकाला अजून किंचित मऊ, कारण फेरा एकच असला तरी टोकाला त्याच वेळात जास्त अंतर कापायचं असतं, दोन सेंटिमीटर तरी. हा एक फोटो झूम करून नीट बघितलात ना, तर शटर स्पीड डोक्यात कायमचा बसतो, व्हिडिओ दहा बघून बसत नाही तेवढा. आणि पात्यावर किती धूळ साठलीय ते पण कळतं, ते घरात दाखवू नका, साफ करायचं काम लागतं.

आता माझा खरा धडा सांगतो. पूर्व भागात माझ्या मित्राच्या वडिलांचा टॉवेलचा कारखाना आहे, साधे धोट्याचे यंत्रमाग (आडवं सूत घेऊन ये-जा करतो तो धोटा). कॅमेरा नवीन होता, म्हणलं काका, फोटो काढू का मागाचे. काढ की, त्यात काय. आत गेलो तर आवाज असा की शेजारच्याशी ओरडून बोलायचं, हवेत कापसाचा भुगा, आणि धोटा ह्या टोकाकडनं त्या टोकाला सटासट. मी नुकतंच वाचलेलं की वेगवान गोष्टीला फास्ट शटर. लावला १/१०००. आयएसओ ६४०० पर्यंत गेला तरी फोटो अंधारे, दाणे दाणे, आणि वर कहर म्हणजे काही फोटोंत आडवे काळपट पट्टे, एकात अर्धा माग पिवळट आणि अर्धा निळसर. तरी माग शार्प आला होता, फणीचे दात मोजता येतील असा. खूश होऊन काकांना स्क्रीन दाखवली. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "ह्यो माग बंद हाय की रे. लाइट गेल्यावर काढलास का?"

आणि खरंच तसंच दिसत होतं. धोटा पेटीत, फणी जागेवर, कामगार शेजारी उभा. चालू माग आणि बंद माग ह्यात १/१००० ला काहीच फरक नव्हता. तीस वर्षं मागावर घालवलेल्या माणसाला फोटोत जे हवं होतं तेच मी शटरनं पुसून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी परत गेलो, ट्रायपॉड घेऊन, १/१५ लावायचं ठरवून. तर सगळेच फोटो हललेले. डोकं खाजवलं. मग पायाला कळलं, फरशीच हलते तिथं. चाळीस माग एकदम ठोकतायत, जमिनीतनं थरथर ट्रायपॉडच्या पायांतनं वर कॅमेऱ्यात. शेवटी ट्रायपॉड बाजूला ठेवला, कॅमेरा हातात, कोपरं पोटाशी घट्ट, लेन्स १८ एमएमवर, शटर १/२०, आयएसओ ४०० च्या आसपास, आणि बर्स्टवर एका दमात आठ दहा फोटो. हातात धरल्यावर आपलं अंग ती थरथर बरीच गिळतं. आठातले सहा गेले, एक बरा आणि एक मस्त, कामगाराचा चेहरा आणि खांद्यावरचा पंचा शार्प, आणि त्याच्यापुढं फणी आणि सूत धुक्यासारखं झालेलं. कामगाराला फक्त एवढंच सांगितलेलं की तुटलेला धागा बघताना एक क्षण मान स्थिर ठेवा. काका ह्यावेळी काही बोलले नाहीत, नुसतं "ह्यो मला पाठव" म्हणाले.

त्यामुळं आता शटर ठरवताना मी आधी बघतो की हे थांबलेलं दाखवायचंय की चालू दाखवायचंय, आणि चालू असेल तर फोटोत काय स्थिर राहणार. काहीच स्थिर नसेल तर तो ब्लर कलात्मक वगैरे नाही, नुसता बिघडलेला फोटो आहे.

ते पट्ट्यांचं राहिलं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइट आणि बरेचसे स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा कमी जास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही. १/१००० चा शटर त्यातला एखादाच तुकडा उचलतो, कधी उजेडाचा कधी अंधाराचा, आणि पडदा वरनं खाली सरकत असल्यानं एकाच फोटोत दोन्ही येतात. १/१०० किंवा १/५० ला ठेवा, पूर्ण चढउतार आत मावतो आणि पट्टे जातात. लग्नाच्या हॉलमध्ये स्टेजवर एलईडीची भिंत असते तिथं पण आधी १/१०० करून बघा, सेटिंगमध्ये अँटी फ्लिकर असं काही असेल तर ते चालू करा. व्हिडिओला तर आपल्याकडं २५ फ्रेम आणि १/५० हे डोळे झाकून.

लग्नावरनं आठवलं, बाहेरचा फ्लॅश लावून शटर १/५०० केला आणि फोटोत खाली काळा पट्टा आला, तर फ्लॅश खराब नाही. वर मी एक पडदा म्हणलो, पण खरं तर पडदे दोन असतात, पहिला उघडत जातो आणि दुसरा त्याच्या मागं बंद करत येतो. एका मर्यादेपुढं सेन्सर एका वेळी पूर्ण उघडा असतच नाही, फक्त एक फट सरकत जाते, आणि फ्लॅश उडतो त्या क्षणाला जो भाग झाकलेला तो काळा. बहुतेक कॅमेऱ्यांची ती मर्यादा १/२०० नाहीतर १/२५० असते. कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश वर केला असेल तर तो तुम्हाला पुढं जाऊच देत नाही.

आता उन्हाची उलटी अडचण. सात रस्ता चौकात एकदा पॅनिंग करून बघाच, म्हणजे रिक्षाबरोबर कॅमेरा फिरवत १/३० ला फोटो, रिक्षा शार्प आणि मागची दुकानं रेघा रेघा. पण एप्रिलच्या बारा वाजता जाऊ नका. कडक उन्हात आयएसओ १०० आणि अपर्चर एफ १६ ला शटर १/१२५ च्या आसपास बसतो, हा जुना फिल्मवाल्यांचा ठोकताळा आणि आपल्या उन्हाला तर तो हमखास लागू. तिथनं १/३० ला यायचं म्हणजे दोन स्टॉप जादा उजेड, अपर्चर एफ २२ केलं, म्हणजे भोक अजून बारीक केलं, तरी एक स्टॉप उरतोच, आणि एफ २२ ला फोटो मऊ पण पडतो. मग एकतर एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सला गॉगल, नाहीतर सरळ संध्याकाळी साडेसहाला जा, फुकटात काम होतं. पाय रोवून उभे राहा, कंबरेतनं वळा, रिक्षा समोर यायच्या आधीपासनं फिरवायला सुरू करा आणि बटण दाबल्यावर पण फिरवत राहा. बटण दाबताना थांबायची सवय असते हाताला, तिथंच सगळे फसतात. वीसातला एक येईल, तो पण सुरुवातीला नशिबानं. आणि रस्त्याच्या कडेनं उभे राहा बाबांनो, दुभाजकावर नको.

मोबाइलवाल्यांना पण हे सगळं लागू, प्रो मोडमध्ये एस किंवा शटर असं लिहिलेलं सापडेल. फरक एवढाच की मोबाइलचं अपर्चर बहुतेक वेळा बदलत नाही, म्हणून शटर आणि आयएसओ ह्या दोनच गोष्टी खेळायला. आणि मोबाइलला खराखुरा पडदा नसतो, सेन्सर ओळीनं वाचला जातो, म्हणून पळत्या गाडीतनं काढलेले विजेचे खांब तिरके आणि पंख्याची पाती विळ्यासारखी वाकडी येतात. नाइट मोड म्हणजे एक लांब शटर नसतो, बरेच छोटे फोटो एकावर एक रचलेले असतात, त्यामुळं त्यात हलणाऱ्या माणसाचं कधी कधी भूत होतं.

शेवटी ज्याच्यासाठी भाच्यानं मुळात कॅमेरा मागितला होता ते, गड्ड्यातलं, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेतलं, होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम. इथं फास्ट शटर काही कामाचा नाही, १/५०० ला नुसते ठिपके येतात. दारूची फुलं फोटोत फुलासारखी दिसतात ती लांब शटरमुळं, ठिणगी जिथनं जिथनं गेली ती वाट उमटते. ट्रायपॉड, आयएसओ १००, अपर्चर एफ ८ ते ११, मोड मॅन्युअल, शटर दोन ते चार सेकंद. फोकस आधीच लांबच्या एखाद्या दिव्यावर करून मॅन्युअलला टाका, नाहीतर अंधारात लेन्स घुरघुर करत बसते आणि बाण वर जाऊन फुटून पण जातो. ट्रायपॉडवर असताना स्टॅबिलायझेशन बंद. रिमोट असेल तर बल्ब मोड घ्या, बाण सुटला की दाबा, फूल मिटलं की सोडा, हाताला आपोआप ताल बसतो. रिमोट नसेल तर बटण हळू दाबा, दोन सेकंदाचा टायमर इथं चालत नाही कारण बाण तुमच्यासाठी थांबत नाही. पहिल्या दहा मिनिटातच चांगले फोटो घ्या, नंतर धूर साठतो आणि वारा पडलेला असला की सगळं भगभगीत पांढरं. यात्रेतल्या नंदीध्वजांच्या, म्हणजे उंच मानाच्या काठ्यांच्या, मिरवणुकीला मात्र उलटं, दिवसा १/२५० नं बाराबंदी पोशाखातली माणसं शार्प येतात, संध्याकाळ पडली की आयएसओ चढवा, शटर फार खाली आणू नका, काठी पेलणारा माणूस एक क्षण पण स्थिर नसतो.

आणि दारूकाम संपल्यावर मैदानातनं बाहेर पडताना ट्रायपॉडचे पाय मिटवून उभा धरा, खांद्यावर आडवा टाकून वळलात की कुणाच्या तरी डोक्यात बसतो. माझा बसलाय एकदा. माणूस भला होता, गड्ड्यातला दिवस म्हणून सोडलं.